कुसुमताईंची चार पिल्लं

इंदिरानगरात आमच्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर कुसुम क्षेमकल्याणी राहतात. एकतीस वर्षं एसटीच्या आरक्षण खिडकीवर बसून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं कुणी विचारलं तर खिडकीवरच्याच आवाजात "पुढचं बोला" म्हणतात. घर लख्ख. कुत्रं-मांजर सोडा, कुंडीत तुळशीखेरीज काही जिवंत ठेवायचं नाही, असा त्यांचा बाणा.

अशा बाईंच्या घरात पक्षी आले ते मृण्मयीमुळे. समोरच्या फ्लॅटमधली ही मुलगी फेब्रुवारीत कंपनीच्या कामासाठी हैदराबादला निघाली आणि जाताना पिंजरा कुसुमताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, थोडेच दिवस. दाणापाणी केलं की झालं."

पिंजऱ्यात एक हिरवा नर आणि एक पिवळी मादी. आपल्याकडे सगळे त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात, पण ते असतात बजी, म्हणजे छोटे पोपट. हे कळल्यापासून कुसुमताईंनी सोसायटीत कुणालाही चुकीचं नाव घेऊ दिलं नाही. पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात गोल भोकाचं एक मडकं आडवं बांधलेलं होतं. ते शोभेचं असावं असं त्यांना वाटलं.

तीन आठवड्यांनी पिवळी त्या मडक्यात शिरली ती बाहेरच येईना. कुसुमताईंनी टॉर्च मारून पाहिलं आणि तडक हैदराबादला फोन लावला.

"मृण्मयी, तू मला दोन पक्षी दिले होतेस."

"हो मावशी."

"सहा होणार आहेत."

मृण्मयी खूप हसली. तिचं काम लांबलंय, हेही तिनं त्याच फोनवर सांगून टाकलं. मग कुसुमताईंनी पक्ष्यांच्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवला आणि त्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, निम्मं काम पक्ष्यांना करू द्या."

मार्चच्या मध्यावर, एक दिवसाआड एक, अशी चार पिल्लं बाहेर आली. ती पहिल्यांदा पाहण्याचा मान अंबूबाईला मिळाला. अंबूबाई जवळच्या मखमलाबाद गावची. स्वतःच्या मळ्यातली फुलं आणि भाजी घेऊन रोज सकाळी साडेसातला आमच्याकडे येते. तिनं मडक्यात डोकावून पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"ताई, ही तर सोललेल्या बटाट्यावानी हायेत."

"पिसं येतील त्यांना."

"येतील हो. पन आज लय वंगाळ दिसत्यात."

पिसं आली. दोन पिल्लं हिरवी, एक पिवळं आणि शेवटचं, सगळ्यांत लहान, निळं. पाचव्या आठवड्यात थोरलं पिल्लू मडक्याच्या भोकातून डोकं काढून तासन्‌तास बाहेर बघत बसू लागलं. आता ही कधीही बाहेर पडतील, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कुसुमताईंनी तयारी सुरू केली. दांड्या काढून अगदी खाली लावल्या, म्हणजे पडलं तरी उंचावरून पडायला नको. पाण्याची खोल वाटी काढली, बुडालं तर काय घ्या, आणि बरणीचं उथळ झाकण ठेवलं. तळाला कागद अंथरून त्यावर राळ्याचे दाणे पसरले. पिल्लं खाली पडलेलं टिपत टिपतच खायला शिकतात, असं डॉक्टर म्हणाले होते. अंबूबाई रोज कोथिंबिरीची एक काडी वेगळी आणू लागली. "बांधावरची हाय. औषध मारलेली नाय," असं रोज न चुकता सांगायची.

नेमकी त्याच आठवड्यात एसटीतल्या जुन्या मैत्रिणींची कोकणची सहल होती. आठही जणींची तिकिटं कुसुमताईंनीच काढलेली. मंगळवारी थोरलं पिल्लू भोकातून बाहेर आलं, पंख फडफडवले आणि थेट कागदावर आपटलं. मग उठून, कुणीतरी ढकलल्यासारखं, रागानं इकडेतिकडे पाहत उभं राहिलं. गुरुवारी दुसरं आलं. गुरुवारी संध्याकाळीच कुसुमताईंनी आपलं तिकीट रद्द केलं. मैत्रिणींना कारण खोटं सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण ते जमलं नाही. आठजणींतल्या सातजणी हसतच गेल्या.

या सगळ्यात हिरव्या नराला मात्र कुसुमताईंच्या लेखी किंमत नव्हती. "ती बिचारी दिवसभर मडक्यात, आणि हा बघा, दांडीवर बसून गातोय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तिसरं पिल्लूही बाहेर आलं. निळं तेवढं आत राहिलं. आणि एका दुपारी मडक्यातून वेगळीच किरकिर ऐकू आली. कुसुमताईंनी पाहिलं तर निळ्याच्या डोक्यावरची पिसं उपटलेली, रक्त आलेलं, आणि पिवळी त्याला परत टोचत होती. तिच्या पोटाशी एक नवं अंडं होतं.

कुसुमताईंनी आधी डॉक्टरांना फोन केला, मग अंबूबाईला. अंबूबाई दुपारची कधी येत नाही. त्या दिवशी हातातलं काम टाकून आली.

"आई असून अशी वागते?" कुसुमताईंचा आवाज चढला होता.

"कोंबडीबी अशीच करती ताई. नवी अंडी घालायची झाली का आधीची पिल्लं टोचून लांब करती. तिचा काय दोष नाय. तिला जागा पायजे."

"डॉक्टर म्हणतात, पिल्लं दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा आणि बापाला त्यांच्याबरोबर सोडा. बाप भरवेल म्हणे. हा? याला गाण्याशिवाय काही येतं का?"

"डागदर म्हनत्यात ना? मग बघू की."

कुसुमताई रिक्षा करून गेल्या आणि नवा पिंजरा घेऊन आल्या. अडचण एवढीच होती की इतक्या दिवसांत त्यांनी एकाही पक्ष्याला हात लावला नव्हता. नराला अंबूबाईनं धरलं. तो तिच्या बोटाला कडकडून चावला. ती "चाव, चाव" म्हणत राहिली आणि त्याला पलीकडे सोडलं. मोठी तिन्ही पिल्लं तिनंच नेली. मग ती बाजूला सरकली.

"ह्याला तुमी घ्या. माझी बोटं राठ हायेत. त्याला लागलंय."

कुसुमताईंनी मडक्यात हात घातला आणि निळं पिल्लू ओंजळीत घेतलं. वजन असं काही नव्हतंच, नुसती ऊब आणि धडधड. पिंजरा दोन हातांवर होता, पण त्या तिथेच उभ्या राहिल्या. "ताई त्याला सोडंनात," असं अंबूबाईनं नंतर मला सांगितलं. "मीच म्हनलं, सोडा आता त्याला."

नर संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात फुगून बसला. मग एकदम उतरला आणि मोठ्या तिघांना चोचीत चोच घालून भरवू लागला. निळं मागेच राहिलं. कुसुमताई रात्रभर नीट झोपल्या नाहीत. सकाळी अंबूबाई टोपली घेऊन दारात आली तेव्हा त्या पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि बोट ओठांवर ठेवून तिला गप्प राहायला सांगत होत्या. नर निळ्याला भरवत होता. एकदा, दोनदा, तीनदा. निळं मान झटकून आणखी मागत होतं.

मग कुसुमताईंच्या लक्षात आलं, की मडक्यात बसलेल्या पिवळीलाही इतके दिवस हाच भरवत आला होता. आपण फक्त त्याचं गाणं ऐकलं. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी अहो-जाहो बोलतात. "अहो, पाणी बदललंय," असं आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं पिवळीचं मडकं नव्या अंड्यासकट काढून टाकलं, म्हणजे तिलाही विसावा. निळ्याच्या डोक्यावर नवी पिसं फुटली. दोन आठवड्यांत चौघंही आपले आपण दाणे सोलू लागली.

मग एक दिवस त्यांना खोलीत उडू द्यायचं ठरलं. खिडक्या बंद, आरशावर चादर, पंखा बंद. बाहेर मे महिना लागलेला. अंबूबाई जमिनीवर बसून टोपलीच्या झाकणानं वारा घेत होती. "पाखरं उडंपर्यंत आपलंच भरीत व्हायचं," ती म्हणाली. मोठी तिघं लगेच खोलीभर फिरली. निळं पिंजऱ्याच्या दारात बराच वेळ बसलं, मग उडालं, भिंतीला थडकता थडकता वळलं आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसलं. तिथून ते तीन तास उतरलं नाही. कुसुमताईंनी दुपारचं जेवण त्याच्याखाली उभ्यानं, घाम पुसत केलं.

मेअखेर मृण्मयी कायमची परत आली. आपली जोडी आणि मोठी दोघं ती समोर घेऊन गेली. पिवळं आणि निळं न्यायला आली तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "ही दोघं राहू देत. एवढ्या सगळ्यांना तुझ्याकडे जागा नाही." मृण्मयीकडे तीन खोल्या आहेत, तरी ती दोघांना तिथंच ठेवून गेली.

आता सकाळी दोन्ही घरांची दारं उघडली की इकडची दोघं आणि तिकडची चौघं मधल्या पॅसेजमधून एकमेकांना हाका मारत बसतात. वरच्या मजल्यावर बोललेलं ऐकू येत नाही. तक्रार अजून कुणी केलेली नाही.