लाल चिठ्ठीचं सिलेक्शन

आता काय सांगू तुम्हाला, हल्ली सिल्वासात कोणी लाल शर्ट घालून दिसला तरी माझं डोकं फिरतं! हसू नका. चहा घ्या आणि तुम्हीच ठरवा, यात माझी चूक किती ते.

आमच्या शेठनी खडोलीतली धाग्याची बंद शेड रंगवून घेतली आणि जाहीर केलं, "आख्ख्या सिल्वासाचं स्टार्टअप हब आता इथे!" इनचार्ज कोण? मी! नाशिकहून आलो तेव्हापासून जन्म गेला मेंटेनन्समध्ये. मला स्टार्टअपमधलं काय कळतं? पण शेठ म्हणाले, "पाटील, तुमी फक्त शिस्त बघा."

कुठे होती शिस्त? पोरं गाद्यांवर लोळत काम करायची! भिंतींवर लिहायची! जिकडेतिकडे वायरी, पुठ्ठे, खोकी. खानवेलची सोनल तर सायकलच्या जुन्या चाकाला दोरे गुंडाळून दिवसभर त्याच्यापुढे बसायची. विचारलं तर म्हणे, "सर, मशीन आहे. धागा तुटला की मोबाईल वाजतो."

मशीन! याला मशीन म्हणतात?

त्यात मुंबईहून पैसे लावणारे पाहुणे यायचे ठरले. त्यांना पटलं तर हब चालणार, नाहीतर शेडचं गोदाम होणार. शेठनी आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत बजावलं, "ही जग्या एकदम चोख्खी पाहिजे!"

मग मी कारखान्यात करतात तेच केलं. पाहुणे यायच्या आधी बिनकामाच्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची. दिवसभरात कोणी हरकत घेतली नाही, की वस्तू भंगारात. साधा नियम! मी गठ्ठाभर कोऱ्या लाल चिठ्ठ्यांवर नुसत्या सह्या ठोकल्या, पहिली सोनलच्या चाकाला चिकटवली, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि जेवायला गेलो.

परत येतो तर सोनल नाचतेय!

"थँक यू सर! मला वाटलंच नव्हतं!"

मला वाटलं, पसारा जाणार म्हणून खूश झाली. म्हटलं, "अगं, हे आधीच व्हायला हवं होतं."

"आणि आमचं काय, सर?" बाकीची पोरं पुढे सरसावली.

"लावा की! मी कोणाला अडवलंय?"

गठ्ठ्यावर नुसती झुंबड उडाली. माझा ऊर भरून आला हो! म्हटलं, सुधारली पोरं.

संध्याकाळी पोरं घरी गेली आणि राखोलीहून भिकाभाऊंचा भंगाराचा टेम्पो आला. हे भिकाभाऊ मूळचे धुळ्याकडचे, सांगितलं की ऐकणारा माणूस. "लाल चिठ्ठी दिसेल ते उचला," म्हणालो आणि ताठ मानेने घरी गेलो.

सकाळी शेठ पाहुण्यांना घेऊन आत आले. काय चकचकीत हॉल! चार गाद्या, बाकी फरशी.

"स्टार्टअप कुठे आहेत?" पाहुण्यांनी विचारलं.

तेवढ्यात दारातून सोनल किंचाळली, "माझं मशीन! सर, तुम्हीच तर सिलेक्ट केलं होतं ना, पाहुण्यांना दाखवायला!"

"सिलेक्ट? अगं, लाल चिठ्ठी म्हणजे भंगार! एवढंही माहीत नाही?"

"पण सांगितलं कोणी?"

मी सांगायचं? लाल चिठ्ठी काय सांगायची गोष्ट आहे?

निघाली वरात राखोलीला! पुढे शेठच्या गाडीत पाहुणे, मागे बाईकवर पोरं. सोनलने ढिगातून चाक ओढून काढलं, ओढणीने पुसलं, फिरवलं आणि धागा तोडला. मोबाईल खणखणला! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हब पास!

माझ्या जिवात जीव आला. टेकायला जागा शोधतोय, तर भिकाभाऊ एका ऐटबाज खुर्चीत रेलून बसलेले. खुर्ची ओळखीची वाटली.

"अहो, ही तर माझी खुर्ची!"

"मंग? तिले बी लाल चिठ्ठी व्हती, साहेब. सही तुमनीच शे."

सोनल ओशाळून म्हणाली, "आम्हीच पाठीमागून लावली, सर. म्हटलं, आमचे सर पण सिलेक्ट."

मी आशेने शेठकडे पाहिलं. शेठनी चिठ्ठी निरखून पाहिली.

"बसा, भिकाभाऊ, बसा. नियम म्हणजे नियम. दिवसभरात पाटीलनी हरकत घेतली काय? नाय ना?"

नवी खुर्ची अजून आलेली नाही. तोवर हबची शिस्त मी गादीवर लोळूनच बघतो!