एका विहिरीची वीस तोंडे

चूक माझीच होती. विहिरीचा, बैलांचा किंवा रहीमभाईंचा तिच्यात काही दोष नव्हता, हे आधीच कबूल करतो. मनावर फार दिवसांचे ओझे आहे.

त्या सालांत कापसाला असा भाव आला की वऱ्हाडातली शहाणी माणसेही खुळ्यासारखी वागू लागली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मी गवत लावले. अमरावतीला कापूस घालायला गेलो असता एका साहेबाच्या बंगल्यापुढे तसे हिरवेगार गवत पाहिले होते. भिस्ती मशकीने त्यावर पाणी शिंपडत होता. आमच्या मुलीला, गोदीला, पाहायला बाळापूरचे पाहुणे यायचे होते. त्यांनी अकोल्यात आमच्या अंगणातही असेच गवत पाहावे, आणि त्यावर भिस्तीवाचून पाऊस पडताना पाहावा, असे मी ठरवले.

"लोकं गवत निंदून फेकतात," बायको म्हणाली, "अन् तुमी त्याले पाणी पाजून राहिले?"

मोट जिथे रिकामी होते त्या कुंडीपासून अंगणापर्यंत मी पोकळ बांबूंचे नळ टाकले. त्यांना झारीसारखी, बारीक भोकांची तांब्याची तोंडे बसवायची होती. किती? मी मोटेखाली घागर धरली. 'राम राम' म्हणेपर्यंत ती भरली. एवढ्या धारेवर वीस तोंडे सहज चालतील, असा मी हिशेब केला.

तोंडे घडवणार होते शेजारचे रहीमभाई कलईवाले. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"पाटील, मोट रिकामी झाली का बैल उलट्या पावली माघारी येतात. तब तक पानी कोन देईन?"

"तुमी तोंडं घडवा." (हे वाक्य आठवले की माझे कान अजून गरम होतात.)

"चार घडवतो. चालले तर बाकीचे."

"वीस."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मोट जुंपली. पहिले तोंड एकदा शिंकले. दुसरे थुंकले. बाकी अठरा जणांनी माझ्याकडे नुसते पाहिले. तेव्हा कुठे मला रहीमभाईंचा प्रश्न समजला, आणि तो सोडवण्यासाठी मी दुसरी मोट, दुसरी बैलजोडी लावली. एक मोट खाली जाताना दुसरी वर. आता मात्र पाऊस पडला! नऊ तोंडांतून फवारे उडाले. माझा फेटा भिजला. बायकोला बोलवावे म्हणून वळलो, तर फवारे तपकिरी झाले, मग बसले. मोटेतून चिखल आला आणि चिखलातून एक बेडूक. माघातल्या विहिरीचा झरा पाणी किती देतो, हे मी कोणालाच विचारले नव्हते. विहिरीला तर नाहीच.

तेवढ्यात फाटकाशी पाहुण्यांच्या दमणीच्या बैलांचे घुंगरू वाजले.

बायको रिकामी घागर घेऊन बाहेर आली. "पाहुण्याईच्या पायावर काय ओतू? तुमचं गवत?"

दारी आलेल्या सोयऱ्याला पाय धुवायला पाणी नाही, म्हणजे मुलगी दाखवण्याआधीच सोयरीक मोडली. एकविसावे कोरडे तोंड माझे.

मग गोठ्यातून गोदी आली. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेल्या कळशा. पहाटेच तिने रांजण भरून तिथे कडब्याखाली झाकून ठेवला होता.

"लपवला काहून?" मी हळूच विचारले.

"घरात ठेवला असता तर तुमी तोही नळात ओतला असता, बाबा."

ती हळू बोलली, पण मुलाच्या वडिलांनी ऐकले. त्यांनी पाय धुतले, गूळपाणी घेतले, वीस तोंडे सावकाश मोजली, मग माझ्याकडे पाहिले.

"पोरीले पाण्याचाही अंदाज आहे अन् बापाचाही," ते म्हणाले. "आमाले पसंत आहे."

पाहुणे गेल्यावर रहीमभाईंची माफी मागितली. गोदीची मागितली. बायकोपुढे उभा राहून म्हणालो, "चुकलो."

"माफी मागायची तर त्या बैलाईची मागा. सकाळपासून उलटे चालून राहिले बिचारे."

म्हणून गोठ्यात जाऊन मी चारही बैलांसमोर हात जोडले. तिघांनी कडब्यातून मान वर केली नाही. चौथ्याने केली, पण त्याला पाणी हवे होते.