डॉक्टरकाकांचा डोंगर

डॉक्टरकाका कुणाच्याही घरी गेले की तिथला दगड आधी उलटा करून बघायचे. मग तो पेपरवेट असो, नाहीतर दाराला लावलेला धोंडा. इंग्लंडात मिल्टन कीन्सला आमच्या गणपतीला पहिल्यांदा आले, तेव्हा प्रसाद हातात घ्यायच्या आधी त्यांनी माझ्या खिडकीतला शोभेचा दगड उचलला, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कापलाय. फेकून दे." दहा मिनिटांपूर्वी मी या माणसाला ओळखतही नव्हते.

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात आयुष्यभर पेशंटना भूल देऊन रिटायर झालेल्या या गृहस्थांना सुइसेकीचं वेड होतं. ओढ्यात जसा सापडला तसाच दगड घरी आणायचा, त्याच्या मापाची लाकडी बैठक कोरायची आणि त्यात डोंगर, बेट, जे दिसेल ते बघत बसायचं, अशी ही जपानी कला. दगड पॉलिश करायचा नाही, आणि कापायचा तर मुळीच नाही. "तळ वेडावाकडा असला तर लाकूड कोरायचं. ऍडजस्ट आपण करायचं, दगडाने नाही," असं ते मला दर भेटीत ऐकवायचे. कारण तोवर मलाही ते वेड लागलं होतं.

आमच्या सुइसेकी क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात ते परीक्षक असत. एका वर्षी मी मोठ्या हौसेने ऑनलाइन मागवलेला दगड मांडला. काकांनी चारचौघांत तो उलटा केला, कापलेला तळ दाखवला आणि टेबलावरून काढायला लावला. मी कार पार्कमध्ये जाऊन रडले. काका मागोमाग कॉफी घेऊन आले. "चिडलीस? चीड. पण पुढच्या वेळी स्वतः पाण्यात उतर." सॉरी वगैरे काही नाही. मीही कॉफी प्यायले.

त्यांचा स्वतःचा लाडका दगड वेल्समधला. एका शेतकऱ्याची परवानगी काढून, गुडघाभर गार पाण्यात उभं राहून त्यांनी तो उचलला होता. दोन शिखरांचा काळा डोंगर. रोज सकाळी त्याला पाण्याने भिजवायचे आणि तळहाताने कुरवाळायचे. अशी कित्येक वर्षं गेल्यावर त्यावर एक मऊ झळाळी आली होती. मग सत्तरी उलटल्यावर त्यांनी परीक्षकपद एकदम सोडलं. "डोळे थकले," म्हणाले. त्याच सुमारास हा दगड मात्र कुणाला उचलू देईनासे झाले. म्हाताऱ्याचा जीव अडकलाय, म्हणून मी हसायचे.

गेल्या मार्चमध्ये बागेत काम करता करता काका गेले. क्लबने प्रदर्शनात त्यांचा डोंगर मधोमध ठेवायचं ठरवलं आणि तो न्यायला काकूंनी मला बोलावलं. टॉवेलात गुंडाळायला मी तो बैठकीतून उचलला आणि उलटा केला. तळ अगदी सपाट होता. करवतीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. याच कारणासाठी माझा दगड सगळ्यांसमोर काढायला लावणारा माणूस! इतका संताप आला की दगड तिथेच टाकून निघून जावंसं वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या. "अगं, तो ना, मीच कापून आणला," त्या कौतुकाने म्हणाल्या. "सारखा डुगडुगायचा मेला. आपल्या किचनचा ग्रॅनाइटचा वर्कटॉप बसवणारा होता ना, त्याच्याकडून. सेव्हन्टीएथला सरप्राइज!"

"काका काय म्हणाले?"

"थँक्यू म्हणाले. मग तीन दिवस गॅरेजमध्ये बसून ही नवी बैठक कोरली. इतका आवडला बघ, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

खरं सांगावं, तर काकूंना उभ्या जन्माची टोचणी. गप्प राहावं, तर कुणीतरी तो दगड उलटा करणार आणि काका गेल्यावर खोटारडे ठरणार. दगडाला शेजारच्या सीटवर बेल्ट लावून मी प्रदर्शनाच्या हॉलपर्यंत गाडी चालवली, पण काही सुचलं नाही. शेवटी सेक्रेटरी पीटरला बाजूला घेऊन सांगून टाकलं.

"आम्हाला माहीत आहे," पीटर म्हणाला. वाढदिवसानंतरच्या पहिल्याच मीटिंगला मी गेले नव्हते; तिथे काका उभे राहिले होते. माझा दगड कापलेला आहे, तेव्हा दुसऱ्यांचे तपासायचा मला हक्क नाही, एवढं बोलून त्यांनी पद सोडलं होतं. आणि एक विनंती केली होती: माझी बायको कधी इथे आली, तर तिला कुणी काही बोलू नका. "तुझं त्यांच्या घरी जाणंयेणं, म्हणून तुला मुद्दाम नाही सांगितलं."

मी खुर्चीत बसले. रडू आवरेना.

दुपारी काकू आल्या. नवी साडी नेसून डोंगराशेजारी उभ्या राहिल्या आणि येईल त्याला आपण तो कसा कापून आणला ते रंगवून सांगू लागल्या. कापलेल्या दगडाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करणारे क्लबातले म्हातारे इंग्रज एकेक करून पुढे आले, वाकून बघितलं, काकूंचा हात हातात घेऊन म्हणाले, "ब्यूटिफुली डन."

काकू माझ्याकडे वळल्या. "बघ गं, इतकी वर्षं दगड गोळा करतायत, पण एकालाही हे सुचलं नव्हतं."

मी म्हटलं, "खरंच, काकू."