मामीने कोणाला सांगितलं नाही

वाफाळती उकड मामी नुसत्या हाताने मळायची. हाताला पाणी लावायचं आणि तो थेट परातीत घालायचा. हात लालबुंद व्हायचे, पण तोंडातून हूं की चूं नाही. हिला चटका म्हणून लागत नाही, असं मामा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. चटका सगळ्यांना लागतो. ती सांगत नव्हती एवढंच, आणि न सांगण्याचं आम्ही सगळे कौतुक करत होतो. आज त्या कौतुकाची मला चीड येते.

माझं आजोळ दिघीजवळ. नारळ-सुपारीची वाडी, आणि गणपतीत सगळा नैवेद्य सोवळ्यात. तो रांधणारी एकटी मामी. शेजारच्या घरात उकड बिघडली तरी तिलाच हाक यायची. जीभ मात्र तिखट. माझा मोदक पाहून म्हणायची, "हा बघ, फाटका पंचा नेसून बसलाय." मग तोच मोदक स्वतःच्या पानात वाढून घ्यायची.

त्या घरात पाळीला 'अडचण' म्हणतात आणि अडचण आली की बाई बाजूला बसते. म्हणून श्रावणापासून नवरात्रापर्यंत प्रत्येक सणाआधी मामी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायची. किराण्याबरोबर मामाच त्या मेडिकलमधून आणायचा. डॉक्टरला कोणी कधी विचारलं नाही. देवाच्या कामासाठी घेतलेली गोळी बाधत नाही, असं माझ्या आईचं मत. आई माहेरी आली की सोवळ्याचा सगळा कारभार तिच्याकडे जायचा.

एका गणपतीत भर दुपारी मामी न्हाणीमागे कापड धूत होती. पाणी लाल झालं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "पाळी नाही गो ही. ती मागेच होऊन गेली. हे नुसतं मधलं." कधीपासून, तर गेल्या गणपतीपासून. कोणाला बोलली होतीस, तर कोणालाच नाही. सांगितलं असतं तर महिन्यातून दोनदोनदा बाजूला बसवलं असतं, मग रांधलं कोणी असतं, असं तिनेच मला उलट विचारलं.

मी आईवर आणि मामावर तुटून पडले. आई म्हणाली, गोळ्यांनी होतं तसं. मामा म्हणाला, वय झालं, पाळी जायची असेल. दोघांनी बसल्या जागी निदान करून टाकलं. आईला काळजी होती ती वेगळीच. वर्षभर नैवेद्य विटाळात झाला, त्याला प्रायश्चित्त काय, ते विचारायला तिने मामाला गुरुजींकडे पिटाळलं. गुरुजींकडे ताबडतोब आणि डॉक्टरकडे विसर्जनानंतर. ती सगळी पातेली उचलून वाडीत भिरकावून द्यावीत असं मला वाटलं.

मी विसर्जनाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी मामीला दिघीच्या फेरीबोटीत बसवलं, आगरदांड्याला उतरून अलिबागला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे समजावलं. दोन पाळ्यांच्या मधे रक्त गोळ्यांनी जातं, तांबी बसवली असली तरी जातं. गर्भाशयात गाठ किंवा कोंब, म्हणजे पॉलिप, असेल, आत संसर्ग असेल, थायरॉइड बिघडलं असेल, दिवस राहिले असतील, तरीही जातं. पुष्कळ जणींचं साधंच निघतं, पण साधं आहे हे तपासल्यावर म्हणायचं, घरात बसून नव्हे. मामीच्या आतला छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला आणि तो आजूबाजूला पसरलेला होता. लवकर आल्या असत्या तर पुष्कळ काही करता आलं असतं, असं बाई म्हणाल्या.

मामीने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे ती अडचण नव्हती ना? आजाराचं रक्त होतं? मग माझ्या हातून देवाला विटाळ नाही झाला."

वर्षभर ती याच भीतीने आतल्या आत कुढत होती. कॅन्सर झालाय हे ऐकून त्या बाईला हायसं वाटलं. याचा राग कोणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून मी तो सगळ्यांवर काढते.

मुंबईला किरणांचे शेक झाले, औषधं झाली. पुढचे गणपती तिने पाहिले नाहीत. तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि बायका म्हणू लागल्या, अहेव गेली, सोनं झालं. तेराव्याला पडवीत पुरुष बसलेले असताना आईही तेच म्हणाली.

"सोनं कसलं, आई? वर्षभर अंगावरून रक्त जात होतं, आणि तुमच्या सोवळ्याच्या धाकाने तिने तोंड उघडलं नाही. त्याने मेली ती."

पुरुषांनी माना खाली घातल्या. मामा उठून वाडीत निघून गेला. पुरुषमाणसांसमोर असलं बोलतात का, म्हणून आईने मला दटावलं. एवढं होऊनही लाज मीच बाळगायची होती. मी पिशवी उचलली आणि निघाले.

वाडीत सुपाऱ्या सोलायला येणारी वंदना मागोमाग फाटकापर्यंत आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, माजं बी मधीच जातंय. गोळी न्हाय, काय न्हाय. कोनाला बोलले न्हाय."

मी फाटकाबाहेर लावलेल्या माझ्या गाडीचं दार उघडलं आणि तिला म्हटलं, बस.