ब्रेकही त्याच तेलात

माझा स्वभाव तापट आणि नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची. नागपुरातल्या एका कचेरीत मी लोकांचे अर्ज तपासते. कुठे सही राहिली, कुठे गट नंबर चुकला, की लाल पेनाने गोल करायचा आणि अर्ज परत. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण स्वतः काही चुकत नाही. माझा हा समज आईच्या ट्रॅक्टरने उतरवला.

बाबा गेल्यावर खाप्याच्या पुढचं, कन्हान नदीच्या काठचं संत्र्याचं वावर आईच्या नावावर आलं. करत तर ती आधीपासूनच होती. पुढची तीन वर्षं तिने भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढली. तो मोठा, संत्र्याच्या ओळीत शिरला की फांद्या मोडायचा, आणि ज्या दिवशी हवा त्या दिवशी हमखास दुसऱ्याच्या वावरात असायचा. मी तिच्या मागे लागले होते की वावर ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रकमेवर, कसायला देऊन टाक आणि माझ्याकडे ये. तुझे गुडघे दुखतात, तिकडे सापकिरडू निघतं, रात्री-बेरात्री काही झालं तर कोण आहे, अशी सगळी कारणं मला तोंडपाठ होती. आणि एके दिवशी ही बाई, वय वर्षं त्रेसष्ट, मला म्हणते, "मले लहान ट्रॅक्टर पाहून दे. मीच चालवीन."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तह असा ठरला की संक्रांतीपर्यंत तिला एकटीला ट्रॅक्टर सगळ्या वावरात फिरवता आला तर ती तिथेच राहील, नाही तर मुकाट्याने नागपूर. ती लगेच "मंजूर" म्हणाली. ती हरणार याची मला खात्री होती, म्हणून मीही हो म्हटलं.

मौद्याकडच्या एका शेतकऱ्याचा छोटा डिझेल ट्रॅक्टर मिळाला. जुना, पण धडधाकट. सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक हिंदी पुस्तिका होती, तिची कडेची पानं तेल पिऊन आरपार दिसायला लागली होती. विकणारा प्रामाणिक होता. म्हणाला, इंजिनचं आणि हायड्रोलिकचं तेल कधी बदललं ते आठवत नाही, दोन्ही बदलूनच चालवा.

तेल आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात वाचणारी मी. इंजिनच्या तेलावरून पहिली लढाई शेजारच्या काकांशी झाली. त्यांचं वावर आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे आणि मत प्रत्येक गोष्टीत आहे.

"आपल्या इकडच्या उनात पातळ तेल टाकाल तं पाण्यावानी होते. घट्टातलं घट्ट आणा," ते म्हणाले.

मी पुस्तिका उघडून तापमानाचा तक्ता त्यांच्यासमोर धरला. पंधरा-डब्ल्यू-चाळीस. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज पसरतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. फार घट्ट तेल टाकलं तर थंडीतल्या सकाळी ते वरपर्यंत पोचेस्तोवर इंजिन कोरडंच घासतं. मी हे सगळं आदल्या दिवशीच वाचलं होतं, पण सांगताना असं सांगितलं जणू मी ट्रॅक्टरच्या कारखान्यात जन्मले.

"पुस्तक लिवणारा मे महिन्यात खाप्याले आलता काय?" काकांनी विचारलं आणि निघून गेले. मी फुगले. इंजिनचं तेल मी बरोबरच आणलं, आणि घोटाळा तिथेच झाला. पुढच्या तेलासाठी मी पुस्तिका उघडलीच नाही.

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे अवजार उचलणाऱ्या ज्या दोन दांड्या असतात, त्या दांड्यांना, त्यांच्या खटक्याला, सगळ्यालाच हायड्रोलिक म्हणतात. 'हायड्रोलिक उचल', 'हायड्रोलिक पाड' असंच बोलतात. म्हणून हायड्रोलिकचं तेल म्हणजे त्या दांड्यांचं तेल, हे मी धरूनच चालले. आईची संत्र्याची गाडी कळमन्याच्या बाजारात आली होती, हिशोब पाहायला मी स्कूटरवर तिथे गेले आणि परतताना ऑइलच्या एका दुकानात थांबले.

दुकानदाराने विचारलं, "कौनसी मशीन है, मॅडम? क्या क्या चलता है इस तेल पे?"

"ट्रॅक्टर है. हायड्रोलिक का ऑइल चाहिये, बस," मी म्हटलं. कचेरीच्या खिडकीत जो आवाज वापरते तोच वापरला. त्याने पुढे काही न विचारता हायड्रोलिक तेलाची वीस लिटरची बादली काढून दिली. चूक त्याची नव्हती. मी मागितलं तेच त्याने दिलं.

रविवारी आम्ही दोघींनी मिळून तेल बदललं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून सूचना देत होते आणि आई ट्रॅक्टरखाली आडवी होऊन बोल्ट सोडत होती. जुनं तेल निघायला लागलं ते निघतच राहिलं. घमेलं भरलं, बादली भरली, मग गुरांच्या पाण्याचं घंगाळ आणावं लागलं. आई खालून म्हणाली, "दोन दांड्या उचलाले एवढं तेल कायले लागते वं?"

पुस्तिकेत होतं तेच ती विचारत होती. आणि मी काय म्हटलं? "आई, तुले त्यातलं काय समजते? टाक म्हटलं तं टाक."

त्यानंतर तिचं शिकणं सुरू झालं. गिअर, क्लच, वळण हे सगळं तिने आठवड्यात उचललं. बैलांना वळवणाऱ्या माणसाला ओळीच्या टोकाला कधी वळायचं हे शिकवावं लागत नाही. अडत होतं ते फक्त ब्रेकवर. पाय दाबला की मागून घुर्र घुर्र असा कण्हल्यासारखा आवाज यायचा, ट्रॅक्टर आधी थांबायचाच नाही आणि मग धक्का देऊन थांबायचा.

"हा असाच आवाज करते काय?" तिने दोनदा विचारलं.

"पाय हळू ठेव. तू एकदम दाबून राहिली," मी बांधावरून ओरडायचे. मला स्वतःला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. पण ओरडायला लायसन लागत नाही.

संक्रांतीच्या दहा-बारा दिवस आधीचा रविवार. नदीकडच्या खालच्या वावरात जायला एक छोटा उतार आहे. आई पहिल्यांदाच तो उतार उतरत होती. अर्ध्यावर तिने ब्रेक दाबला, घुरघुर झाली, पण ट्रॅक्टर खाली जातच राहिला. बांध मधे आला म्हणून अडला, तरी जाता जाता दोन वर्षांचं एक संत्र्याचं कलम मुळासकट उपटलं. मी धावत गेले. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती त्या आडव्या पडलेल्या कलमाकडे पाहत होती.

"पाय पोचलाच नाई माहा वेळेवर," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाई जमत आता. तू म्हणत होती तेच खरं. येतो मी नागपूरले."

खरं सांगते, मला आनंद झाला. भीती वाटली होती आणि तरीही आनंद झाला. काकांना निरोप गेला, ते वावर ठोक्याने घ्यायला तयारच होते. पुढच्या रविवारी बोलणी करायचं ठरलं. मी नागपूरला आले आणि सोमवारीच तिच्या खोलीला नवे पडदे लावले, न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी बसवून घेतली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी ट्रॅक्टर विकायची जाहिरात लिहायला बसले. डबा बाजूला, पुस्तिका पुढ्यात. किती ताकदीचा, किती सिलिंडरचा हे त्यातूनच उतरवत होते. पान उलटताना तेलाचा तक्ता पुन्हा समोर आला. इंजिनच्या ओळीखाली गिअरबॉक्सची ओळ होती आणि हायड्रोलिकच्या पुढे एवढंच लिहिलं होतं की वरचंच तेल. खाली चौकटीत ठळक अक्षरात सूचना होती. गिअर, लिफ्ट आणि ब्रेक, तिन्ही एकाच तेलात बुडालेले आहेत, म्हणून तिन्हींसाठी बनवलेलंच तेल वापरा, साधं हायड्रोलिक तेल टाकू नका, ब्रेक आवाज करतील आणि नीट लागणार नाहीत.

मी ते तीनदा वाचलं. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर लाल पेन केव्हाच बाहेर आला असता.

खाप्याच्या एका मिस्त्रीला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ऑइल ब्रेकचा ट्रॅक्टर हाय, ताई. थोडेच दिवस चालला असन तं काई बिघडलं नाई. ते काढून टाका, जाळी धुवा, फिल्टर बदला अन् बरोबर तेल टाका." म्हणजे आईचा पाय वेळेवर पोचला होता. दर वेळी पोचला होता.

हे मी तिला त्याच मिनिटाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बुधवारी तिचा फोन आला तेव्हा ती विचारत होती की नागपुरात पितळी भांडी ठेवायला जागा आहे का, आणि मी म्हटलं, आण, आहे. गुरुवारी मी स्वतःला समजावलं की आज ना उद्या तिचे गुडघे खरंच जाणार, मग आत्ताच आली तर काय बिघडलं? शुक्रवारी तिने विचारलं, "तुह्या घरी सकाळी किती वाजता नळ येते?" आयुष्यभर विहिरीवरून पाणी काढलेली बाई माझ्या नळाची वेळ पाठ करून घेत होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

शनिवारी सकाळी त्याच दुकानात गेले आणि पुस्तिकेचं पान काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ये पहले बोलना था न, मॅडम!" मी बरोबर तेलाची बादली घेतली, फिल्टरही घेतला. बादली स्कूटरवर पायाशी ठेवून, दोन्ही पाय बाहेर काढून, सावनेर रोडने खाप्याला पोचले.

आई अंगणात भांडी चिंध्यांत गुंडाळत होती. मी बसलेसुद्धा नाही.

"आई, तुहा पाय नाई चुकला. मी तेल चुकीचं आणलं होतं. ब्रेकही त्याच तेलात असते."

तिने हातातला गडवा खाली ठेवला. "कवा समजलं तुले?"

'आजच' म्हणता आलं असतं. "मंगळवारी," मी म्हटलं.

"आज शनिवार हाय."

"हो."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि आमचं नेहमीसारखं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "तेलाचं काई नाई वं, ते कोणाचंही चुकते. पण हे चार दिवस मी भिंत धरून उठून राहिली. गुडघे दुखत नव्हते. पण मले वाटलं, आता आपलं झालं, आता धरूनच उठा लागन."

मला रडू फुटलं. मला रडताना तिने बाबा गेले तेव्हाच काय ते पाहिलं असेल. मग आजवर सांगितलेली सगळी कारणं बाजूला पडली आणि खरं होतं ते बाहेर आलं. "संध्याकाळी घरी आली की कुलूप मीच उघडतो. स्वयंपाक एकटीसाठी करावाच वाटत नाई. मले तू पाहिजे होती तिथं."

"मंग असं सांग न," ती म्हणाली. "माह्या पायावर काहून टाकते?"

तिने माझं तोंड स्वतःच्या पदराने पुसलं, जरा जोरातच. मग पान्हा घेऊन ट्रॅक्टरखाली गेली.

दुपारपर्यंत आम्ही सगळं काढलं. जाळी डिझेलने धुतली, फिल्टर बदलला, नवीन तेल भरलं. या वेळी ती खालून जे जे विचारेल ते मी पुस्तिकेत पाहून मोठ्याने वाचून दाखवलं. काकाही येऊन बसले. वावर हातचं जाणार हे त्यांना कळलं होतं, तरी घमेली ओतायला त्यांनी मदत केली, आणि इंजिनचं तेल घट्टच हवं होतं हे आणखी एकदा सांगितलं.

मग ती उतारावर गेली. मी वर उभी होते. अर्ध्यावर तिने ब्रेक दाबला. काही आवाज झाला नाही. ट्रॅक्टर जिथे होता तिथे थांबला, आणि ती उतारावर तशीच बसून राहिली, बराच वेळ. मला वाटलं, काही झालं की काय. मी खाली गेले तर ती हसत होती. डोळेही ओले होते.

"मृग बहाराची संत्री तोडली का महिनाभर येईन तुह्याकडे," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून येईन. स्वयंपाक तू करशील."

मी हो म्हटलं. "अन् तू शनिवारी-रविवारी इकडं ये. बांधावरून ओरडाले नाई, कामाले ये," असं म्हणून तिने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला.