इलेक्ट्रॉनांची सावड

कापसाची ती वाईट वर्षं होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि बाहेरून येणारा माणूस एसटीतून उतरतानाच चेहरा पाडून उतरायचा. मी दिग्रसला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. धाकटा भाऊ गावी उन्हात कापूस पेरायचा आणि मी पंख्याखाली अतिवाहक शिकवायचो, याची टोचणी कायम असायची. खूप थंड केलेल्या काही धातूंतून वीज जराही वाया न जाता वाहते, असं सांगितलं की मागच्या बाकावरून यायचं, "सर, इथं लाइनच नाही, तं वाया काय जाईन?"

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक मूळचे पुण्याचे. त्यांच्यासमोर फुलसावंगीकडची एक विद्यार्थिनी उभी होती. एम.एस्सी.ला नंबर लागला तर शीक, नाही तर तुला पाहायला पाहुणे बोलावतो, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. या मार्कांवर तिचं सगळं अडलं होतं.

परीक्षकांनी विचारलं, "दोन्ही इलेक्ट्रॉन ऋण. एकमेकांना ढकलणार. मग अतिवाहकात त्यांची जोडी जमते कशी?"

"सर, एक इलेक्ट्रॉन जाता जाता आजूबाजूच्या धन आयनांना आपल्याकडे ओढतो. ते जड असतात, लवकर जागेवर जात नाहीत. तो लांब निघून गेला तरी तिथं धन भार थोडा दाटलेला राहतो. त्याच्याकडे दुसरा ओढला जातो." मग जरा धीर येऊन ती म्हणाली, "म्हणजे सर, सावडीसारखं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बाळ, तुमच्याकडे काय चाललंय ते मला ठाऊक आहे. वाईट वाटतं. पण राख सावडण्याच्या गोष्टी इथे आणून मार्क मिळत नाहीत."

ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मलाही क्षणभर कळेना. मग उमगलं, या गृहस्थांना सावडणं माहीत होतं ते फक्त स्मशानातलं. आमच्याकडे सावड म्हणजे एकेकच बैल असलेल्या दोन घरांनी ते एका जुवाला जुंपायचे आणि आळीपाळीने दोघांची वावरं पेरायची.

माझं डोकं फिरलं. "सर, ती बैलांबद्दल बोलतेय! इथली माणसं मरण्याशिवायही काही करतात. पेरतात, भांडतात, भांडून पुन्हा एकत्र पेरतात. यवतमाळ म्हटलं की तुम्हाला राखच दिसते का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "आवाज खाली. मार्क मला द्यायचेत."

तेवढ्यात तीच बोलली. पुस्तकी मराठी सुटून गेली होती. "सर, सांगू का? आमचं आन् काकाचं धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, जमत नाही. बोलणंबी बंद. पण पेरणीले दोघाइचे बैल एका जुवात. आम्ही चांगले झालो म्हणून नाही, वावरापायी. इलेक्ट्रॉनाइचंबी तसंच. ढकलणं संपत नाही, मधातल्या धातूपायी जोडी जमते. गरम केलं का जोडी मोडते."

"आणि बैलांसारखे शेजारी शेजारी चालतात?" त्यांनी खोचकपणे विचारलं.

"नाही सर. तिथं सावड चुकते. जोडीतले दोघं लांब असते, मधात कितीतरी दुसऱ्या जोड्या. पण साऱ्या जोड्या एका चालीनं चालते, म्हणून वाटेत एखाद्याले अडवता येत नाही."

त्यांनी पेन उचललं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि भरपूर मार्क लिहिले. राखेबद्दल तिची माफी मागणं त्यांना सुचलं नाही. चहा कुठे मिळेल ते मात्र मला विचारलं.

व्हरांड्यात मी अजून धुमसत होतो. "माफी मागायला पाहिजे होती त्यांनी तुझी!"

"सर, तुम्ही कायले भडकले?" ती म्हणाली. हसत नव्हती. "ते बिघडले असते तं पाहुणे काय तुमच्या घरी आले असते?"

माझा राग खरा होता, आजही आहे. पण तो मी तिच्या मार्कांवर उभा राहून काढला होता.