खुराड्यावर नोहाचा प्रलय

माझ्या सासऱ्यांनी नोहाचा जलप्रलय कोंबड्यांच्या खुराड्यावर अंथरला.

मी भोरला इतिहास शिकवतो. बायबलमधल्या पूर्वजांची वयं धरून मागं मोजत गेलं, की जलप्रलय नेमका अशा काळात येतो जेव्हा इजिप्तची माणसं निवांत पिरॅमिड बांधत होती. सगळं जग बुडालं आणि यांचा एक दगडही ओला नाही! हा घोळ लोकांना डोळ्यांनी दिसावा म्हणून मी भलामोठा फ्लेक्स छापून घेतला. डावीकडं बायबल, उजवीकडं इजिप्त आणि सिंधू संस्कृती, मधे रेघ. व्याख्यान भोरच्या एका वाचनालयात होतं. आदल्या दिवशी सासुरवाडीला, हिर्डोशीला, मुक्कामाला गेलो आणि (अक्कल पाहा!) फ्लेक्स पडवीत उभा करून झोपलो.

आमच्या भागात घरात आलेला फ्लेक्स कुणी वाचत नाही. तो गवताच्या गंजीवर जातो, नाहीतर सरपणावर. सकाळी पाहतो तर पडवीत अर्धाच!

"मामा, याचा डावा भाग कुठाय?"

"खुराडं गळत हुतं, पाव्हणं. तुमी मधी रेघ मारल्याली, तिथनंच कापला बगा. जरा सुदिक वाकडा न्हाई!"

"अहो, त्यात नोहा होता!"

"आसंल की. थेंब आत आला न्हाई."

मी तावातावानं खुराड्याकडं धावलो. सासूबाई आडव्या आल्या.

"हात लावू नगासा! खुडूक कोंबडी बसवलीया. उठली तर समदी अंडी वाया जात्याली!"

"मामी, हजारो वर्षांचा प्रश्न आहे!"

"मग पिल्लं निघंस्तवर थांबंल की त्यो!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. त्या घरात माझ्या रागाला कोंबडीइतकीही किंमत नव्हती! एसटी चुकली असती तर व्याख्यानच बुडालं असतं, म्हणून अर्धं जग बगलेत मारून निघालो.

वाचनालयात नुसता इजिप्त टांगला. "इथं," मी मोकळ्या भिंतीवर हात आपटून ओरडलो, "इथं प्रलय आहे असं समजा!" लोकांनी भिंतीकडं पाहून माना डोलावल्या. शंका एकालाही आली नाही. मी आयुष्यभर ज्या घोळासाठी भांडलो, तो घोळच कुणाला दिसेना! चिडून पिरॅमिड गुंडाळले आणि खाली बसलो.

अध्यक्ष उठले. "सरांची व्याख्यानं आपण बरीच ऐकली. पण आजचं सगळ्यात उत्तम!"

माझा राग कुठल्या कुठं पळाला. मी सावरून बसलो आणि हळूच विचारलं, "कुठला मुद्दा आवडला?"

"मुद्दा नाही, सर. लवकर संपलं!"